वरच्या स्लॉटमधलं कार्ड

“एकच बसवा, काका,” ताई म्हणाली.

“दोन,” आई म्हणाली.

दुकानदार काकांनी हातातला स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला. कॅबिनेटची एक बाजू उघडी होती. आतल्या वायरी त्यांनी वेणी घालावी तशा नीट बांधून घेतल्या होत्या. शेजारी ग्राफिक्स कार्डांचे दोन खोके, अगदी एकसारखे.

“वहिनी, धंदेवाल्यानं सांगू नये खरं तर,” ते म्हणाले, “पण मुलगी शहाणी आहे तुमची. पूर्वी लोक हौसेनं दोन-दोन लावायचे. आताचे गेम दुसऱ्या कार्डाकडे ढुंकूनसुद्धा बघत नाहीत. एका डोक्यावर दोन टोप्या घातल्या म्हणून थंडी काय अर्धी होते?”

“एका डोक्यावर कुठे? दोघं आहेत,” आई म्हणाली. “डबा एकच, पण मॉनिटर दोन, माऊस दोन, आणि ज्याचं त्याचं कार्ड. एकाच वेळी दोघांना खेळता आलं पाहिजे. होतं म्हणे तसं.”

“होतं की! मग असं सांगा ना. भावंडांची भांडणं मिटवायला आलायत तुम्ही.” काका खुशीत आले. त्यांनी दोन्ही खोके फोडले.

ताईनं आईकडे बघितलं नाही. टेबलाशी दोन स्टुलं होती. एकावर ती अर्धी टेकली होती. दुसरं रिकामं होतं आणि आई त्याच्यामागे उभी होती. काकांनी दोनदा “बसा ना, वहिनी” म्हणून पाहिलं. ती बसली नाही.

धाकट्याला जाऊन वर्ष होत आलं होतं. हे कॉम्प्युटरचं खूळ त्याचंच. परीक्षा झाली की घेऊ, असं आईनं कबूल केलं होतं. परीक्षेआधीच चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन तो गेला. त्याची अट एकच होती. माझं कार्ड वेगळं पाहिजे, ताईचं खेळून झाल्यावर उरलेलं नको. त्याच्यामुळेच तर ती ताई झाली होती. सगळं घर तिला ताई म्हणायला लागलं होतं, अजून म्हणत होतं.

काकांना यातलं काय ठाऊक असणार? आज ‘एकच’ म्हणायचं, तर तो आता नाही हे आईला स्वतःच्या तोंडानं म्हणावं लागलं असतं. ती ते अजून कुणापाशीच म्हणाली नव्हती.

“वरच्या स्लॉटला वेग जरा जास्त मिळतो,” काका म्हणाले. “तिथलं कोणाचं?”

“त्याचं,” ताई पटकन बोलून गेली. “वाटे मी करते, आधी उचलतो तो.”

त्यांच्या घरातला हा जुना कायदा. केकचा तुकडा असो की गादीवरची जागा, मोठीनं वाटे करायचे आणि धाकट्यानं आधी निवडायचं.

“वा! म्हणजे वाटे अगदी काट्यावर तोलून करत असशील,” काका हसले.

ताई स्टुलाच्या फाटलेल्या रेक्झिनला नख लावत बसली.

कार्डं बसली. काकांनी बटण दाबलं. दोन्ही कार्डांचे फॅन एकदम गरगरले आणि थांबले. मग त्यांनी एका मॉनिटरवर गाड्यांचा गेम लावून माऊस ताईच्या हातात दिला. खालच्या कार्डाचा फॅन पुन्हा फिरायला लागला. वरचा फिरला नाही. दुसरा मॉनिटर काळाच होता. त्यात रिकामं स्टूल दिसत होतं, आणि स्टुलाच्या कडेवर आईचे हात.

“ते वरचं बिघडलंय का?” आईनं एकदम विचारलं.

“छे हो, कोरं करकरीत आहे. याचा फॅन उगाच फिरत नाही. तिकडे कोणी खेळायला बसलं, कार्डावर भार आला, की फिरेल. तोवर गप्प.”

“मग मघाशी का फिरला?”

“चालू करताना एकदा फिरतो. हजेरी देतो म्हणा ना. आहे मी, असं.”

ताईनं माऊस सोडून दिला होता. तिची गाडी भिंतीला नाक लावून नुसती घुरघुरत होती.

“काढा ते,” शेवटी आई म्हणाली. “ताईचं बरोबर आहे. आम्हाला एक...” तिनं स्टुलाची कड सोडली. “आम्हाला एकच लागेल.”

काकांनी आईकडे पाहिलं, मग रिकाम्या स्टुलाकडे. या वेळी ते ‘बसा’ म्हणाले नाहीत. त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, स्क्रूड्रायव्हर उचलला आणि वरच्या कार्डाच्या स्क्रूला लावला.

“थांबा, काका.” ताई उठून उभी राहिली होती. “काढायच्या आधी एकदा परत चालू करा ना.”

“आता काय बघायचंय, बाळ?”

काकांनी बटण दाबलं.

दोन्ही फॅन गरगरले. कॅबिनेटच्या उघड्या बाजूशी मायलेकी एकदमच वाकल्या, डोक्याला डोकं लागेल इतक्या जवळ. खालच्या फॅनकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. वरचा मंदावत गेला. एकेक पातं वेगळं दिसायला लागलं. मग थांबला.

“परत,” आई म्हणाली.

काकांनी स्क्रूड्रायव्हर खणात ठेवला, खण लावून घेतला, आणि बटणाकडे हात नेला.