दक्षिणेकडची खिडकी

लव्हिनियाने चादरींच्या कपाटाचा खालचा खण ओढला आणि तिचा जीव भांड्यात पडला. चित्र पुन्हा निळं झालं होतं.

गर्द निळ्या कागदावर समुद्रशेवाळाची एक पांढरी फांदी. थर्झाच्या आईने ती व्हिट्स्टेबलच्या किनाऱ्यावर वेचली होती आणि रसायन लावलेल्या कागदावर ठेवून उन्हात छापली होती. ती आई गेली. थर्झाला शिकवायला येणारी लव्हिनिया वसंतात तिच्या वडिलांशी लग्न करून या घरची मालकीण झाली, आणि पहिल्याच आठवड्यात तिने ते चित्र जिन्याखालच्या अंधारातून काढून दक्षिणेकडच्या खिडकीसमोर लावलं. सगळ्यांना दिसावं म्हणून, असं म्हणाली. तिच्या मोठ्या मनाचं घरभर कौतुक झालं.

उन्हाळाभर ते फिकं होत गेलं. शेवटी चौकटीत कोरा कागद उरला, तेव्हा थर्झा त्याखाली उभी राहून आवाज न करता रडली. ते मात्र लव्हिनियाला बघवलं नाही. त्याच दिवशी तिने ते काढून कपाटात ठेवलं.

"थर्झा, इकडे ये बघू!"

थर्झा आली, पाहिलं, आणि तिने लव्हिनियाच्या कमरेला घट्ट मिठी मारली. "आलं! आई, तू परत आणलंस!"

लग्नानंतरही थर्झा तिला सवयीने 'मिस'च म्हणायची. 'आई' हा एक शब्द ऐकायला लव्हिनिया किती आसुसली होती! आणि आता तो ऐकून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

थर्झा चित्र घेऊन खिडकीकडे धावली. "चल, परत तिथेच लावू."

"अगं, नको! तिथे ऊन येतं. हा निळा उन्हात उडतो, अंधारात ठेवला की परततो. तुझ्या आईनेच मला..."

ती थांबली, पण उशीर झाला होता.

थर्झा खिळ्यापाशीच उभी राहिली. "आईने सांगितलं होतं? तुम्हाला?"

खोटं बोलणं सोपं होतं. पोरीने विश्वासही ठेवला असता.

"हो," लव्हिनिया म्हणाली. "मला ठाऊक होतं. तरी लावलं."

चित्र छातीशी धरून थर्झा कपाटापाशी आली, ते खणात ठेवलं, वर चादर घातली, कडा नीट खोचल्या आणि खण लावला.

"धड्याची वेळ झाली, मिस," ती म्हणाली.