बुरुजावरची तोफ

जळकोटचे महालिंगप्पा फौजेच्या तोफखान्यातून निवृत्त झाले होते. थंडीतल्या एका सकाळी ते लेकीला घेऊन नळदुर्गच्या किल्ल्यावर आले. उंच बुरुजावर, भिंतीच्या गार सावलीत, आदिलशाहीच्या लढायांतली एक तोफ पडून होती.

"अप्पा, फोटो काढा की," म्हणत शिवप्रिया तोफेच्या तोंडापुढं उभी राहिली.

महालिंगप्पांनी सवयीनं तोफेवर हात टेकला आणि झटकन मागं घेतला. हात पोळला होता. ते वाकले. आतून बारुदीचा ताजा वास येत होता. कारगिलनंतर तो वास त्यांनी विसरायचा लई प्रयत्न केला होता.

"शिवा, बाजूला हो!"

"काय झालं, अप्पा? किती वर्षांपासून बंद हाय ती."

"हो म्हणतो ना बाजूला!"

ती घाबरून त्यांच्याजवळ धावली. आवाज काहीच झाला नाही. तोफ फक्त वीतभर मागं सरकली आणि बुरुजावरची सगळी कबुतरं एकदम उडाली.

दूर, तोफेच्या रोखानं, शेतात धुळीचा लोट उठला.

"अप्पा, चला इथनं," शिवप्रिया रडवेली होऊन म्हणाली.

पण महालिंगप्पा हलले नाहीत. तोफेत कुणीतरी दुसरा गोळा ठासत होतं.