वाळूतले कोंब

वाळवंटात हिरवे कोंब फुटले होते. सुरेंद्रने झाकलेली चादर उचलली आणि ती तशीच हातात धरून तो उभा राहिला. वहीएवढ्या फळीवर राजस्थानातली एक लष्करी चौकी, एक ट्रक, एक तंबू आणि बोटाच्या पेराएवढे चार जवान. आयुष्यातला पहिला देखावा त्याने चार महिने खपून केला होता. आणि आता समोरच्या मोकळ्या वाळूत हे! पाणी पडून पडून वाळू फुगली होती, ट्रकचं पुढचं चाक तिच्यात रुतलं होतं.

“शैला, ये, बघ. तुझ्या सासऱ्यांचे प्रताप!”

शैला हात पुसत गॅलरीत आली. वाकून बघितलं आणि तिला हसूच फुटलं. “अगंबाई, मेथी! तरीच म्हटलं, दाण्यांचा डबा ओट्यावर उघडा कसा. अहो, दिवाळी आलीय ना तोंडावर. नानांना वाटलं असेल किल्लाच आहे. आपण नाही का किल्ल्यावर अळीव पेरत?”

ती सहज बोलली, पण नेमकी दुखरी नस दाबली गेली. कारण हा काही किल्ला नव्हता. ही नानांची चौकी होती. भैरूनाना फौजेत ट्रक चालवायचे. एकाहत्तरच्या लढाईआधीचा त्यांचा एकच फोटो घरात होता: तंबूपुढे ट्रक आणि ट्रकपुढे उभे चौघे. लढाईबद्दल नाना कधी चकार शब्द बोलले नाहीत. हल्ली तर चष्मा कुठे ठेवला हेही त्यांना आठवत नसे. सगळंच पुसून जायच्या आत त्यांनी ही चौकी बघावी, एकदा ‘व्हय, हीच ती’ म्हणावं, एवढ्याचसाठी सुरेंद्रचा सगळा खटाटोप होता.

चाकणच्या एका कंपनीत तो फायनल इन्स्पेक्शनला. वीस वर्षं दुसऱ्याच्या कामात खोड काढायची, हाच धंदा. मग स्वतःच्या कामात खोट कशी राहील? फोटोत तंबूला सात दोऱ्या, तर इथंही सात. फोटोत ट्रकचा डावा आरसा नाही, म्हणून इथंही नाही. वाळू पिठाच्या चाळणीतून तीनदा चाळली, त्यावरून शैलाची बोलणीही खाल्ली. रविवारी कामावरून आल्यावर घरातल्या सगळ्यांच्या देखत त्याने फळी नानांपुढे ठेवली. नाना बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “किल्ला झ्याक झालाय.” आणि उठून आत गेले.

झालं! साठी बुद्धी नाठी म्हणतात, नाना तर पंच्याहत्तरीला आलेले. सुरेंद्रने फळी गॅलरीत ठेवली, वर चादर टाकली आणि चार दिवस तिकडे फिरकलाही नाही. आज गुरुवार, कंपनीला सुट्टी, म्हणून चादर उचलली तर हे असं.

तेवढ्यात नानाच गॅलरीत आले. हातात पाण्याचं भांडं. चादर निघालेली बघून ते दारातच थबकले.

“नाना, किल्ला नाहीये हा!” सुरेंद्रचा आवाज चढला. “तुमची चौकी आहे. स्वतःची चौकीसुद्धा ओळखू येईना का आता तुम्हाला?”

बोलला आणि त्याला लाज वाटली. शैलाने डोळे वटारले. नानांनी मात्र भांडं शांतपणे कठड्यावर ठेवलं.

“वळखली म्हनूनच पेरलं की.”

“मग रविवारी किल्ला का म्हणालात?”

“मग काय सगळ्यांच्या देखत रडत बसू व्हय?”

सुरेंद्र खाली बसला आणि पहिल्यांदाच त्याने नीट बघितलं, कंपनीत पार्ट बघतो तसं. किल्ल्यावर बी कसंही भुरभुरवतात. हे कोंब तीन सरळ ओळींत होते. कडेने तुळशीच्या कुंडीतले बारके खडे लावले होते, एकाला एक चिकटून. तो उठला आणि आतून फोटो घेऊन आला. डोळ्यांजवळ धरून त्याने कोपरान् कोपरा तपासला.

“पण नाना, फोटोत असा वाफा कुठेच दिसत नाही.”

“फोटूत कसा दिसंल? फोटू काढनारा वाफ्यातच उभा हुता,” नाना म्हणाले आणि चक्क हसले. “रणजीत. लई आडमुठा गडी. भांडी धुतल्यालं पानी घालून वाळूत मेथी उगवली त्यानं. आमी हसायचो, आन् भाजी झाली की पयलं आमीच ताट घिऊन बसायचो. फोटू काढला आन् म्हनला, आता माझा काढा. तर रीळच संपलेलं. म्हनला, ऱ्हाऊ द्या, फुडच्या बारीला. पंधरा दिसांनी लढाई लागली.”

भांडं उचलून त्यांनी थेंब थेंब पाणी तिन्ही ओळींवर सोडलं. एक थेंबही खड्यांच्या बाहेर पडला नाही.

“बाकी समदं बराबर केलंयस, पोरा,” नाना म्हणाले. “फक्त चौघंच केलंस. आमी पाच हुतो.”