पाचवा होकार

चौघींना पाठवलेल्या मेसेजला पाच उत्तरं आली होती.

चित्रकलेच्या बाईंनी शाळेचा फोन पुन्हा खालून वर पाहिला. पाच वेळा ‘हो’. चार नंबर त्यांनीच निवडलेले. पाचवा ओळखला आणि हातातला चहा तसाच राहिला. जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, तिलाच मेसेज गेला होता. हजेरीच्या यादीत तिचं नाव त्या चौघींपैकी एकीच्या नावाच्या बरोबर खाली होतं आणि काल संध्याकाळी घाईघाईत बाईंचं बोट दोन्ही नावांवर पडलं होतं.

मेसेज असा होता: ‘उद्या मधल्या सुट्टीत वर्गात जी एकटी बसलेली दिसेल, तिच्या शेजारी जाऊन बस. बोलली नाहीस तरी चालेल.’

ही बाईंचीच पद्धत. सातवीच्या मुलांना संध्याकाळी सहा वाजता घरच्या फोनवर एक मेसेज. त्यात कुणाचं नाव नाही, उपदेश नाही, एकच काम आणि तेही मधल्या सुट्टीत उरकणारं. शिक्षकांच्या खोलीत यावरून त्यांची भरपूर टिंगल झाली होती. मुलं आईबापांना जुमानत नाहीत, ती फोनला जुमानणार होय, असं गणिताचे सर येता-जाता म्हणत. बाई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांना एवढं पक्कं ठाऊक होतं, की छळणारी एक असते आणि हसणाऱ्या चार. आणि त्या चौघी घरी एकेकट्या असल्या की वर्गातल्यापेक्षा पुष्कळ बऱ्या वागतात.

या मुलीला वर्गाने दातांवरून एक नाव पाडलं होतं. ते इथे लिहायची काही गरज नाही. वर्गाच्या ग्रुपवर ते रोज सकाळी चित्रासकट यायचं. पाठवणारी होती कॅप्टन. धावण्याच्या संघाची पुढारी, हुशार, सगळ्यांची लाडकी. चित्र आलं की चौघी हसायच्या आणि मग बाकीचा वर्ग. मुलीचं सकाळी सकाळी पोट दुखायला लागलं. शेवटी परवा तिची आई शाळा सोडल्याचा दाखला मागायला आली. वर्षाच्या मध्यावर दुसरी शाळा मिळणार नाही, मुलगी घरी बसणार, हे दोघींनाही कळत होतं. बाईंनी दोन दिवस मागून घेतले. आई म्हणाली, परवा मधल्या सुट्टीत येते, तोवर काही फरक दिसला नाही तर मात्र दाखला घेऊनच जाईन.

तो दिवस आज उजाडला होता आणि बाईंनी स्वतःच घोळ घालून ठेवला होता. मुलीला बोलावून, तो मेसेज तुला नव्हता, असं सांगावं तर तो कुणाविषयी होता हेही सांगावं लागणार. एकटी बसणारी म्हणजे आपणच, हे तिला कळलं असेल का? कळूनही तिने ‘हो’ लिहिलं असेल का? बाईंना स्वतःचाच भयंकर राग आला. मग त्यांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला. गेलेला मेसेज काही परत येत नाही. चौघींवर भरवसा टाकला होता, आता पाचवीवरही टाकायचा.

मधल्या सुट्टीची घंटा झाली तेव्हा आई वर्गाबाहेरच्या खिडकीशी उभीच होती. बाई तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

“आज पोट दुखतंय म्हणाली नाही,” आई हळूच म्हणाली. “मी म्हटलं, जायचं नसेल तर राहू दे आजचा दिवस. तर म्हणाली, नको, शाळेत काम आहे.”

बाईंनी खिडकीतून आत पाहिलं.

मुलगी शेवटच्या बाकावर होती. नेहमीसारखी, भिंतीला चिकटून. कॅप्टन पुढच्या बाकावर, चौघी तिच्या भोवती. डबे उघडले. मग चौघींतली एक उठली. कॅप्टन काहीतरी म्हणाली, पण ती थांबली नाही. मागोमाग दुसरी निघाली. तिसरी आणि चौथी एकमेकींकडे बघत राहिल्या, दोघींच्याही लक्षात काहीतरी आलं आणि त्या एकदमच उठल्या. शेवटच्या बाकापाशी चौघींची गर्दी झाली. त्यांना येताना पाहून मुलीने अंग चोरलं होतं. पण कुणी हसलं नाही. एकीने आपला डबा तिच्यापुढे सरकवला.

“बसल्या,” आई म्हणाली. तिने पदराने डोळे टिपले.

बाईंची नजर मात्र मुलीवरून हलली नव्हती. मुलीने शेजारणींकडे एकदा पाहिलं, मग मान उंच करून सगळा वर्ग पाहिला, बाकामागून बाक, कुणाला तरी शोधत असल्यासारखं. पुढच्या बाकावर कॅप्टन आपल्या डब्यात बघत बसली होती. तिच्या शेजारी कुणीच नव्हतं. मुलगी उठली.

“अगं बाई, आता ही कुठे निघाली?” आई पुढे व्हायला लागली. बाईंनी तिचा हात धरला.

मुलगी बाकांमधून चालत कॅप्टनपाशी जाऊन उभी राहिली. हातात आपला डबा होता.

“तुझी जागा तिकडे आहे,” कॅप्टन मान वर न करता म्हणाली.

“तिकडे चौघी आहेत,” मुलगी म्हणाली. “सरक जरा.”