नसलेली फौज

"हेडफोन नकोत त्याला," मा सर म्हणाले. "डोकं धरतं पोराचं."

तक मॅडमनी हरकत घेतली नाही. संगणकावरच्या युद्धखेळाच्या लीगच्या मुख्य पंच त्या, एरवी हो म्हणायला चिक्कू. आज मात्र मागाल ते मिळत होतं.

सोक हान्ग्युल संगणकासमोर बसला. विशीतला पोरगा, लीगचा अव्वल खेळाडू. ऑनलाइन सामन्यांत त्याला नकाशाचा अंधारा, खेळाडूंपासून लपवलेला भागही दिसतो, शत्रू निघायच्या आत हा वाट अडवून उभा, अशी तक्रार होती. त्याचा संगणक तपासून झाला, काही सापडलं नव्हतं. आज मॅडमच्या समोर परीक्षेचा डाव. चोरी ठरली तर जन्मभर खेळायला बंदी.

मा सर त्याचे प्रशिक्षक. ते मागे खुर्ची टाकून बसले, फोन मांडीवर घेऊन.

डाव रंगला. मग मॅडमनी आपल्या जागेवरून गुपचूप एक कळ दाबली. उत्तरेच्या खिंडीत, अंधारात, एक भलीमोठी फौज उभी राहिली. ती खोटी होती. चोरून नकाशा पाहणाऱ्या प्रोग्रॅमलाच दिसावी, अशी बेतलेली. सरळ खेळणाऱ्याला तिथे नुसता काळोख.

मॅडम सोकच्या हातांकडे बघत राहिल्या. त्याची फौज दक्षिणेला चालली होती ती चाललीच. पोरगा सुटावा असं त्यांना मनापासून वाटत होतं.

मागे मा सर फोनकडे बघून खोकले.

सोकची कानशिलं लाल झाली. फौज दक्षिणेलाच.

मा सर पुन्हा खोकले, जरा जोरात.

"हो, सर!" सोक म्हणाला.

म्हणाला आणि जीभ चावली. हात त्याने कसेबसे आवरले होते, पण मोठ्या माणसाने बोलावल्यावर ओ द्यायची सवय लहानपणापासूनची.

"काय म्हणाले सर?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही हो," मा सर घाईघाईने म्हणाले. "हवा कोरडी आहे इथली."

"तुम्हाला नाही विचारलं. तुम्ही तो फोन द्या इकडे."

सोक उठून उभा राहिला. मान खाली. "आज नाही वळलो, मॅडम."

"आज," मॅडम म्हणाल्या.

मा सरांना आता खरंच ठसका लागला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत ते खोकत राहिले. सोकने टेबलावरची पाण्याची बाटली उघडली, आणि किंचित वाकून, दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली.