हसेल तो बाहेर

"पुन्हा ऐक, मेटकाफ," विल्फ थ्वेट म्हणाला. "जो हसेल तो या दारातून बाहेर. परत 'काणा मेंढा' पबमध्ये पाय ठेवायचा नाही. आणि एडनाशी लग्न दुसऱ्याचं."

"तोंड चालव, मेंढक्या," जॉस मेटकाफ गुरगुरला.

यॉर्कशायरच्या त्या खेड्यात भांडणं अशीच मिटायची. रोजच्या बोलण्यातला वाक्प्रचार उचलायचा, पार वाकवायचा आणि समोरच्याच्या थोबाडावर हाणायचा. विल्फ आजवर हसलेला नव्हता. त्याला पाहून त्याच्या मेंढ्यासुद्धा गंभीर होत.

पबची मालकीण एडना ग्लास पुसत उभी होती. विधवा बाई. दोघांनीही तिला मागणी घातली होती, ती "बघू" म्हणाली होती. पैजेबद्दल तिला कुणी विचारलं नव्हतं.

जॉसनं सुरुवात केली. "चांदीचा चमचा तोंडात घेऊन जन्मलास म्हणे? सुईणीचा होता तो. बिचारी अजून शोधतेय."

नियम आत बसलेल्या सगळ्यांनाच लागू. बाकीच्यांनी पटापट बियरमध्ये तोंडं बुडवली.

विल्फ ढिम्म. "आंघोळीच्या पाण्याबरोबर बाळही फेकलं, म्हणतात ना? तुझ्या आईनं बाळ ठेवलं, आणि चांगलं कोमट पाणी फुकट घालवलं."

जॉसच्या नाकपुड्या थरथरल्या, पण सावरला. "प्रत्येकाच्या कपाटात एक सांगाडा दडलेला असतो म्हणे. तुझ्या कपाटातला आत गेला तेव्हा चांगला गुटगुटीत होता. तू त्याला जेवायलाच विचारलं नाहीस, कवडीचुंबका!"

विल्फची पापणीही हलली नाही. आता पाळी त्याची.

"आणि खोलीतला तो हत्ती? सगळ्यांना दिसतो, पण कुणी त्याचं नाव काढत नाही, तो? तुझ्याकडे आला होता. तुझी विजार घालून बघितली. सैल झाली म्हणून परत गेला."

जॉस फुटलाच. टेबलावर मुठी आपटत, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला.

"बाहेर," विल्फ म्हणाला.

"विल्फ, एक डाव दे रे. एडनासाठी तरी."

"नियम म्हणजे नियम. चल, चालता हो."

जॉसनं टोपी उचलली आणि मान खाली घालून धुक्यात निघून गेला.

विल्फ काउंटरकडे वळला. "झालं एकदाचं. आपलं कधी करायचं?"

एडनानं ग्लास उपडा ठेवला. ॲप्रन सोडला, कोट चढवला.

"कुठं निघालीस?"

"त्या विजारीच्या वेळी मीही हसले, विल्फ," चेहऱ्यावरची रेघही न हलवता एडना म्हणाली, आणि जॉसच्या मागोमाग दाराबाहेर पडली.