तीनदा फुंकायचं

"जोरात फुंका, आबा. सगळी हवा बाहेर सोडा."

खडी क्रशरवरच्या शेडमध्ये ती वडिलांच्या तोंडाला प्लास्टिकची नळी धरून उभी होती. दगडाच्या धुळीने कामगारांची फुप्फुसं किती निकामी होतात, या संशोधनासाठी तिला विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली होती. यादीत पहिले आबाच. नियमाप्रमाणे तीनदा फुंकायचं.

आबांनी तीनदा फुंकलं. प्रत्येक खेपेला यंत्रावरचा आकडा आधीपेक्षा खाली आला. फुप्फुसं निम्मीही उरली नव्हती.

"अजून एकदा घे की," धापा टाकत ते म्हणाले. "मघाशी दम नीट धरला नाही मी. माझ्यापायी तुझी स्कॉलरशिप जायला नको."

कमी फुंकलं तर लेक नापास होईल, असंच त्यांच्या मनाने घेतलं होतं. तिने आकड्यावर हात ठेवला.

"नाही जात, आबा. पास झालात तुम्ही."

तोंडावरची धूळ पुसत आबा ऐटीत बाहेर गेले. "काही अवघड नाही रे," त्यांनी बाहेर थांबलेल्या कामगारांच्या रांगेला सांगितलं. "मी तर एका दमात पास!"

रांग हसली. आणि मग, एकेक करत, सगळी रांग खोकू लागली.